आधी कुटुंब, मग मेंबर!

*फायनल इयरचा प्रोजेक्ट. एकाच फॉर्ममध्ये कुटुंब आणि त्यातली माणसं. सबमिट दाबलं की लाल अक्षरांत एरर. ही एरर कशी काढायची ते बघूच. पण कुठला नियम ठेवायचा आणि कुठला काढायचा, हेही त्यासोबत ठरवावं लागतं.*

रात्रीचे दीड वाजलेत. उद्या अकराला गाइडसमोर डेमो आहे. ग्रुपमधल्या चौघांपैकी दोघं झोपलेत, तिसरा ‘पीपीटी माझ्याकडे’ म्हणून आधीच सुटलाय आणि लॅपटॉपसमोर तुम्ही एकटे. प्रोजेक्ट तसा साधा वाटला होता. एनएसएसच्या सर्व्हेसाठी ट्रॉम्बेला चीता कॅम्पमध्ये घरोघरी जायचंय, तर कागदी फॉर्मऐवजी वेब ॲप करू, असं ठरलं. पानावर वरच्या भागात कुटुंबाची माहिती: गल्ली, घर, पाणी कुठून येतं, संडास घरात की सार्वजनिक. खाली घरातल्या माणसांची यादी: नाव, वय, नातं, शिक्षण. शेवटी एकच सबमिट बटण.

टेस्ट म्हणून तुम्ही स्वतःच्याच घराची माहिती भरता. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ. सबमिट. आणि वर लाल पट्टीत तेच ते वाक्य: ‘मेंबर्स फॅमिली मस्ट एक्झिस्ट’. म्हणजे, सदस्याचं कुटुंब अस्तित्वात असायला हवं.

अरे, मग वर भरलंय ते काय आहे?

हा वैताग तुमचा एकट्याचा नाही. ऑर्डर आणि त्यातल्या वस्तू, परीक्षा आणि तिचे प्रश्न, होडी आणि तिच्यावरचे खलाशी... जिथे जिथे एका नोंदीच्या पोटात दुसऱ्या नोंदी एकाच फॉर्ममधून तयार करायच्या असतात, तिथे तिथे कधी ना कधी ही लाल पट्टी भेटतेच. बरं, फ्रेमवर्क इथे खोटं बोलत नाहीये. त्याचं म्हणणं काय आहे, ते आपल्याला नीट ऐकू आलेलं नसतं, एवढंच.

नंबर मिळण्याआधीच नंबर मागितला

रेशन कार्डाचा नवा अर्ज आठवा. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली तक्त्यात घरातल्या सगळ्यांची नावं. आता त्या तक्त्यात प्रत्येक माणसासमोर ‘आपला रेशन कार्ड क्रमांक लिहा’ असा रकाना असता तर? काउंटरवर भांडणच झालं असतं. कार्ड अजून निघालेलंच नाही, तर नंबर कुठून आणणार?

तुमच्या कोडमध्ये नेमकं हेच घडतं. डेटाबेसमध्ये दोन टेबलं आहेत, कुटुंबांचं आणि सदस्यांचं. सदस्यांच्या टेबलात ‘फॅमिली आयडी’ नावाचा एक कॉलम आहे. त्यात कुटुंबाचा नंबर बसला की कोण कुठल्या घरातलं ते कळतं. हा नंबर डेटाबेस देतो, तोही कुटुंबाची ओळ सेव्ह झाल्यावर. पण फ्रेमवर्कचा क्रम असा असतो: आधी सगळ्यांची तपासणी, म्हणजे व्हॅलिडेशन, ते पास झालं तरच सेव्ह. तपासणीच्या क्षणी कुटुंबाला नंबर मिळालेलाच नसतो. आणि तुम्ही (किंवा ज्या चॅटबॉटकडून कोड घेतलात त्याने) सदस्याच्या मॉडेलमध्ये नियम लिहून ठेवलेला असतो: ‘फॅमिली आयडी भरलेला असलाच पाहिजे’. मग दुसरं काय होणार? चार सदस्य, चार एरर.

उपाय एका ओळीचा आहे. नंबर तपासू नका, नातं तपासा. ‘फॅमिली आयडी आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘फॅमिली आहे का?’ हा प्रश्न विचारा. सेव्ह न झालेलं कुटुंबसुद्धा मेमरीमध्ये असतंच. त्याला नंबर नाही, पण ते आहे. सदस्य त्याला चिकटलेला असेल तर नियम पास होतो. नंतर सेव्ह करताना फ्रेमवर्क आधी कुटुंबाची ओळ लिहितं, नंबर मिळाला की तो प्रत्येक सदस्यात भरतं आणि मग सदस्यांच्या ओळी लिहितं. हा सगळा क्रम त्याला पाठ आहे. आपण फक्त मध्ये आडवं यायचं नाही.

मुलाला घर माहीत हवं

हा बदल केला, तरी पट्टी जात नाही. आता?

रुबी ऑन रेल्स वापरत असाल तर थोडा इतिहास उपयोगी पडेल. रेल्स २००४ मध्ये लोकांसमोर आलं. एकाच फॉर्ममधून पोटातल्या नोंदी बनवण्याची सोय, म्हणजे ते लांबलचक नावाचं ‘ॲक्सेप्ट्स नेस्टेड ॲट्रिब्यूट्स फॉर’, २००९ मध्ये २.३ या आवृत्तीत आली. आणि २०१६ मध्ये रेल्स ५ ने एक मोठा बदल केला: ‘बिलाँग्ज टू’ लिहिलं की ते नातं आपोआप सक्तीचं. त्याआधी लिहिलेल्या ट्युटोरियलमध्ये ही सक्ती नाही. म्हणून जुना व्हिडिओ बघून शब्द न् शब्द तसाच टाइप केला, तरी त्याचा कोड चालतो आणि तुमचा आपटतो. नवीन रेल्समध्ये तुम्ही हाताने लिहिलेला ‘फॅमिली हवीच’ हा नियम त्यामुळे तसाही जास्तीचा आहे. तो काढून टाकलात तरी चालेल.

आता खरी गोम. कुटुंबाने ‘माझे अनेक सदस्य आहेत’ म्हटलं, सदस्याने ‘मी एका कुटुंबाचा आहे’ म्हटलं. ही एकाच नात्याची दोन टोकं आहेत, हे आपल्याला दिसतं. फ्रेमवर्कला ते ओळखावं लागतं. रेल्स ४.१ पासून नावांवरून ते बऱ्याचदा बरोबर ओळखतं. पण तुम्ही सदस्याच्या बाजूला नात्याचं नाव ‘फॅमिली’ऐवजी ‘घर’ ठेवलं, किंवा फॉरेन की स्वतःच्या मनाची दिली, की त्याचा अंदाज चुकतो. मग कुटुंबाला त्याचे सदस्य माहीत असतात, पण सदस्याला विचारलं ‘तुझं कुटुंब कोणतं?’ तर तो गप्प. तपासणी सदस्यालाच विचारते, आणि उत्तर येतं: मस्ट एक्झिस्ट.

अशा वेळी ‘इन्व्हर्स ऑफ’ हा पर्याय देऊन दोन्ही टोकं एकमेकांची आहेत, हे स्वतः सांगून टाकायचं. कन्सोल उघडून खात्री करा: एक नवं कुटुंब बनवा, त्याच्यातूनच एक सदस्य ‘बिल्ड’ करा, काहीही सेव्ह न करता त्या सदस्याला त्याचं कुटुंब विचारा. उत्तर ‘निल’ आलं तर दोष इथेच आहे. दोन मिनिटांची टेस्ट आहे, पण दोन तासांची डोकेफोड वाचते.

गेटवरचा वॉचमन

पट्टी गेली. कुटुंब सेव्ह झालं. पण सदस्य? शून्य! एरर नाही, काही नाही. माणसं वाटेतच गायब.

अणुशक्तीनगरमध्ये राहणारा मित्र असेल तर तिथल्या गेटचा अनुभव असेल. त्याला आत जाता येतं म्हणून त्याच्या मागे बसलेल्या तुम्हालाही सोडतील असं नाही. तुमची वेगळी नोंद लागते. रेल्समध्ये या गेटला ‘स्ट्राँग पॅरामीटर्स’ म्हणतात. फॉर्ममधून आलेल्या कुठल्या गोष्टी आत घ्यायच्या, त्याची यादी कंट्रोलरमध्ये लिहायची. कुटुंबाचे रकाने तुम्ही यादीत घातले, पण ‘मेंबर्स ॲट्रिब्यूट्स’ आणि त्याच्या आतले रकाने घालायचे राहिले, तर ते चुपचाप बाहेर ठेवले जातात. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘अनपरमिटेड पॅरामीटर’ अशी ओळ येते. म्हणून लाल पट्टीइतकीच लॉग वाचायची सवय लावा.

हा वॉचमन उगाच नाही बसवलेला. मार्च २०१२ मध्ये एका रशियन तरुणाने याच ढिलाईचा फायदा घेऊन गिटहबवर स्वतःची की रेल्सच्याच टीमच्या खात्यात घुसवली आणि त्यांच्या कोडमध्ये बदल करून दाखवला. फॉर्ममध्ये नसलेला रकाना त्याने बाहेरून पाठवला आणि सर्व्हरने तो निमूटपणे घेतला. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्स ४ मध्ये ही यादी सक्तीची झाली.

यादी लिहिताना दोन गोष्टी हमखास विसरतात. एक, सदस्याचा ‘आयडी’. नवं कुटुंब भरताना तो लागत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण नंतर तेच कुटुंब एडिट करायला गेलात की फ्रेमवर्कला जुने सदस्य ओळखू येत नाहीत आणि ते चार नवे बनवतं. घरात चारचे आठ होतात, पुढच्या एडिटला सोळा! दुसरी गोष्ट ‘डिस्ट्रॉय’ची खूण. ती यादीत नसेल, किंवा मॉडेलमध्ये ‘अलाऊ डिस्ट्रॉय’ नसेल, तर ‘सदस्य काढा’ हे बटण नुसतं शोभेचं.

रिकामी ओळ खरंच रिकामी आहे?

सर्व्हेच्या फॉर्ममध्ये सोयीसाठी तुम्ही सदस्यांच्या सहा ओळी आधीच देऊन ठेवता. घरात माणसं चार. उरलेल्या दोन ओळी रिकाम्या, आणि एरर येते: ‘नाव रिकामं असून चालणार नाही’. यावर ‘रिजेक्ट इफ ऑल ब्लँक’ हा पर्याय आहे. सगळे रकाने रिकामे असलेली ओळ सोडून दिली जाते.

तो देऊनही एरर आली, तर ड्रॉपडाऊन तपासा. ‘नातं’ या रकान्यात पहिला पर्याय ‘मुलगा’ आपोआप निवडलेला असेल, तर फ्रेमवर्कच्या दृष्टीने ती ओळ रिकामी नाही. चेकबॉक्सचंही तसंच, टिक केलं नाही तरी रेल्स त्यासोबत ‘शून्य’ पाठवतं. ड्रॉपडाऊनला ‘निवडा’ असा कोरा पर्याय द्या, किंवा ‘नाव नसेल तर ओळ सोडा’ असा स्वतःचा नियम लिहा.

इथेच आणखी एक सापळा आहे. ‘मोबाईल नंबर दोनदा नको’ असा नियम लिहिलात आणि एकाच फॉर्ममध्ये दोन सदस्यांना तोच नंबर दिलात, तर व्हॅलिडेशनला ते कळत नाही. ते डेटाबेसमध्ये शोधतं, आणि हे दोघंही अजून तिथे पोचलेले नसतात. खात्री हवी तर डेटाबेसवरच युनिक इंडेक्स लावावा लागतो. पण थांबा. एका घरात दोघांचा मिळून एकच मोबाईल असू शकतो ना? मग हा नियम हवा का? हा प्रश्न बाजूला ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आणि एरर दाखवताना ती कोणाची, तेही सांगा. ‘सदस्याचं वय चुकलंय’ एवढंच दाखवलं तर नऊ जणांच्या घरात सर्व्हे करणाऱ्याने कुणाचं वय बघायचं? रेल्स ५ पासून ‘इंडेक्स एरर्स’ चालू केलं की कितव्या सदस्यात चूक आहे ते कळतं. रेल्स ७ वर असाल, तर चुकलेला फॉर्म परत दाखवताना ४२२ हा स्टेटस कोड द्यायला विसरू नका. तो नसेल तर टर्बोमुळे पान तसंच राहतं, एरर दिसतच नाही, आणि तुम्हाला वाटतं बटणच बंद पडलंय.

जँगो आणि लॅराव्हेलवाल्यांनो

तुमची फ्रेमवर्क वेगळी असली, तरी दुखणं तेच. जँगोमध्ये इनलाइन फॉर्मसेट वापरता तेव्हा त्यासोबत ‘मॅनेजमेंट फॉर्म’ जातो. किती ओळी आहेत याचा हिशेब त्यात असतो. टेम्प्लेटमध्ये तो टाकायचा राहिला की सगळा फॉर्मसेटच नापास. जावास्क्रिप्टने नवी ओळ जोडली, पण ‘टोटल फॉर्म्स’चा आकडा वाढवला नाही, तर शेवटच्या ओळीतली आजी सेव्हच होत नाही. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये सदस्याच्या सिरियलायझरमध्ये ‘फॅमिली’ हा रकाना सक्तीचा ठेवलात, तर तीच आपली जुनी एरर नव्या शब्दांत येते: ‘हा रकाना आवश्यक आहे’. तो तिथून काढा किंवा रीड ओन्ली करा. शिवाय पोटातल्या नोंदी कशा बनवायच्या ते ‘क्रिएट’ मेथडमध्ये तुम्हालाच लिहावं लागतं. ते काम आपोआप होत नाही.

लॅराव्हेलमध्ये तपासणी मॉडेलवर नसून फॉर्मच्या डेटावर होते. ‘मेंबर्स’, मग डॉट, मग चांदणी, मग ‘नेम’ असा नियम लिहिला की प्रत्येक सदस्याचं नाव तपासलं जातं. फॅमिली आयडीचा नियम इथेही लिहायचा नाही. कुटुंब बनवा आणि त्या कुटुंबाच्या नात्यातूनच ‘क्रिएट मेनी’ करा. मात्र हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळा. नाहीतर तिसऱ्या सदस्यावर गाडी अडली, की अर्धं कुटुंब डेटाबेसमध्ये आणि अर्धं हवेत.

शॉर्टकटचा मोह

आता दीडचे अडीच झालेत. ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतो: ‘ऑप्शनल ट्रू करून टाक ना यार.’ किंवा त्याहून भारी: ‘व्हॅलिडेट फॉल्स देऊन सेव्ह कर.’ आणि खरंच, एका शब्दात पट्टी जाते. डेमो होतो. मार्क मिळतात.

पण आता डेटाबेसमध्ये अशी माणसं शिरू शकतात, ज्यांना कुटुंबच नाही. वस्तीत कुठल्या घरात लहान मुलं आहेत आणि पाणी बाहेरून भरावं लागतं, अशी यादी काढायला गेलात की ही माणसं त्या यादीत येणार नाहीत. ॲप बंद पडणार नाही, एररही येणार नाही. फक्त उत्तर चुकेल, आणि चुकलंय हे कुणाला कळणार नाही.

म्हणून नात्याचा नियम ढिला करायचा नाही. उलट तो डेटाबेसमध्येही लावायचा: फॅमिली आयडी रिकामा चालणार नाही, आणि त्या नंबरचं कुटुंब खरंच असलं पाहिजे. कोडमधला नियम चुकून निसटला, तरी मागे दुसरा वॉचमन उभा असतो.

१ जूनवाले

मग सगळेच नियम कडक ठेवायचे का? तर नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी १ जूनला वाढदिवस असलेली किती वडीलधारी माणसं आहेत, ते जरा मोजा. महाराष्ट्रात हा जवळपास सरकारी वाढदिवस आहे. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नाही, पण रजिस्टरमधला रकाना रिकामा ठेवता येत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, वयाची अट तर पूर्ण व्हायलाच हवी. गुरुजींनी १ जून लिहिलं आणि विषय संपवला. पुढे तीच तारीख दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनच्या कागदावर गेली.

व्हॅलिडेशनच्या भाषेत सांगायचं तर तो रकाना ‘रिक्वायर्ड’ होता. नियम पाळला गेला आणि माहिती खोटी झाली. तुमच्या सर्व्हेत ‘जन्मतारीख सक्तीची’ ठेवलीत, तर चीता कॅम्पमधल्या आजीसमोर बसलेला तुमचा मित्रही काहीतरी ठोकून देईल. त्यापेक्षा ‘अंदाजे वय’ विचारा, आणि ‘माहीत नाही’ हेही उत्तर घ्या.

चीता कॅम्पचं नाव मघापासून सहज घेतोय, पण ही वस्ती कशी वसली? मानखुर्दला अणुसंशोधन केंद्राच्या लगत जनता कॉलनी होती. १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती पाडली आणि तिथल्या माणसांना ट्रॉम्बेला हलवलं. तो हा चीता कॅम्प. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली होती आणि नोंद झालेल्यांना फोटोपास दिले होते. यादीत घर सापडलं तर घरातली माणसं खरी. घरच यादीत नसेल तर माणसांनी काय दाखवायचं? ‘फॅमिली मस्ट एक्झिस्ट’ ही ओळ या शहराने स्क्रीनवर येण्याच्या खूप आधी कागदावर बघितलेली आहे.

जनता कॉलनीच्या लढ्यातले जोकिन अर्पुथम पुढे देशभरातल्या झोपडपट्टीवासीयांची संघटना बांधताना एका गोष्टीवर भर देत राहिले: आपली मोजणी आपणच करायची. २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. अहवालाचं नाव ‘वुई, द इनव्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला घर नंबर विचारलात तर तो काय सांगेल? फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा असता, तर ही सहा हजार कुटुंबं पहिल्याच पानावर नापास झाली असती.

नियम बदलतात, तेही लक्षात ठेवा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं. पण सगळ्यांना सरसकट नाही: ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी, आणि अनाथ मुलांसारख्या प्रकरणांत सूट. आपल्या भाषेत याला ‘कंडिशनल व्हॅलिडेशन’ म्हणतात. ॲपमध्ये नवा नियम घालताना तुम्हीही हाच विचार करायला हवा. नाहीतर गेल्या आठवड्यात भरलेलं कुटुंब आज नुसता फोन नंबर बदलायला उघडलं, तर जुन्या सदस्यांच्या चुका दाखवत अडून बसेल.

तेव्हा नियमांचे दोन ढीग करा. पहिला ढीग नात्यांचा: सदस्याला कुटुंब हवं, खलाशाच्या नोंदीला होडी हवी. हे नियम तुमच्या टेबलांच्या रचनेतून येतात. ते मोडत असतील तर कोड दुरुस्त करा, नियम नको. दुसरा ढीग माणसांबद्दलचा: जन्मतारीख, वडिलांचं नाव, घर नंबर, प्रत्येकाचा वेगळा मोबाईल. हे तुम्ही लॅबमध्ये बसून गृहीत धरलेलं असतं. ते मोडत असतील तर आधी वस्तीत जाऊन विचारा, आणि मग गरज पडली तर नियमच काढा.

ही चौकट कापून ठेवा: एरर आली तर या क्रमाने बघा

१. ‘फॅमिली आयडी हवाच’ असा नियम मॉडेलमध्ये आहे का? काढा. नातं तपासा, नंबर नको.

२. कन्सोलमध्ये सेव्ह न करता सदस्याला त्याचं कुटुंब विचारा. रिकामं आलं तर नात्याची दोन्ही टोकं जोडा.

३. सर्व्हर लॉग वाचा. सदस्यांचे रकाने, त्यांचा आयडी आणि काढून टाकण्याची खूण परवानगीच्या यादीत आहेत ना?

४. रिकामी ओळ खरंच रिकामी जाते का? ड्रॉपडाऊन आणि चेकबॉक्स तपासा.

५. फॉर्म परत दाखवताना भरलेलं सगळं तसंच राहतं का, आणि चूक कितव्या सदस्याची ते दिसतं का?

६. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये आहे का? शेवटच्या सदस्यात मुद्दाम चूक करून बघा. डेटाबेसमध्ये नुसतं कुटुंब उरता कामा नये.

७. प्रत्येक सक्तीच्या रकान्यासमोर स्वतःला विचारा: याचं उत्तर नसलेला माणूस आपल्याला भेटला, तर?

पहाटेचे साडेतीन. चौघांच्या चार ओळी हिरव्या पट्टीसह सेव्ह झाल्यात. डेमो होईल व्यवस्थित. पण झोपण्याआधी एक काम करा. आजीच्या ओळीत तुम्ही मघाशी जन्मतारीख काय टाकलीत, ते जरा बघा. १ जून असेल, तर तो रकाना सक्तीचा का ठेवला होता, हे उद्या ग्रुपला विचारा. मानखुर्दला उतरून ट्रॉम्बेची बस पकडायच्या आधी त्याचा निकाल लावून टाका.